बाईंचा उजवा कान

फोनवरच्या माणसाचा नुसता श्वास ऐकून बाई सांगायच्या, हा आता खोटं बोलणार. आणि तो बोलायचा. ऐंशी सालानंतरची तीन-चार वर्षं मी रत्नागिरीच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. तेवढ्या काळात त्यांचं ऐकणं चुकलेलं मी एकदाच पाहिलं. त्या एका चुकीनंतर दोन दिवसांत जे काही घडलं, ते आठवलं की आजही हातातलं काम थांबतं.

मी खेडची. नोकरी लागली तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि रत्नागिरीत ओळखीचं कुत्रंही नव्हतं. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "राहणार कुठे?" मी म्हटलं, बघायचंय अजून. "मग माझ्याकडे राहा. पण रेडिओ आणायचा नाही, आणि दार आपटायचं नाही." अशी मी खालच्या आळीतल्या त्यांच्या घरात आले. बाई एकट्याच राहायच्या. पंचेचाळिशीच्या, काटकुळ्या, सुती पातळ चापूनचोपून नेसलेल्या. लहानसा अंबाडा आणि त्यात खोचलेले दोन काळे आकडे.

त्या काळी मुंबईला फोन करायचा म्हणजे आधी आमच्याकडे नोंदवायचा आणि मग तास-दोन तास वाट बघायची. लाईन मिळाली की आम्ही बोर्डावर दोरी खोचून इकडचं माणूस तिकडच्या माणसाशी जोडायचो. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून सांगायचं, वेळ संपली. बाईंचा हिशेब मात्र वेगळा होता. आखातातून नवऱ्याचा फोन आला आणि इकडची बायको पहिली दोन मिनिटं नुसती रडली, तर ती दोन मिनिटं बाई धरतच नसत. मी एकदा घड्याळाकडे बोट दाखवलं, तर म्हणाल्या, "बोलणं कुठे सुरू झालंय गो अजून?"

त्यांच्या तऱ्हा सगळ्या ऑफिसला ठाऊक होत्या. बोर्डाच्या अगदी टोकाची, डावीकडे भिंत असलेली खुर्ची त्यांची. तिथे दुसरं कोणी बसलं तर त्या उभ्या राहत, पण दुसरीकडे बसत नसत. त्यांच्याशी बोलायला जायचं तर उजवीकडून. "डावीकडून बोललेलं मला लाभत नाही," असं त्या सांगायच्या. बाजारात आम्ही बरोबर निघालो की मला हाताला धरून उजवीकडे घ्यायच्या. सगळे म्हणायचे, बाईंचं काहीतरी देवाधर्माचं आहे, कोणा ज्योतिष्यानं सांगितलं असेल. मीही तेच धरून चालले होते.

मासेवालीशी त्यांचा रोजचा संवाद दाराआडून व्हायचा. ती "ताजी हायत बाई, आत्ताच उतरली" म्हणाली की बाई आतूनच, "आज नको. तुझा आवाजच शिळा आहे." ती बिचारी हसत निघून जायची. एकदा मी मुद्दाम मागे जाऊन विचारलं तर म्हणाली, "खरा हाय गो. कालचीच हायत. ही बाय बघते कुठून?"

लाईन खराब असली की बाई मधे उभ्या राहायच्या. मुंबईचा माणूस त्यांना ऐकू यायचा, गावचा माणूसही यायचा, पण त्या दोघांना एकमेकांचं काही कळायचं नाही. मग बाई म्हणायच्या, "तुम्ही बोला, मी सांगते." इकडचं वाक्य तिकडे, तिकडचं इकडे. पदरचा एक शब्द घालायच्या नाहीत आणि एक गाळायच्या नाहीत. मला शिकवताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "आपण दोरी. दोरी स्वतःचं काही बोलत नाही."

तो श्रावण होता. पंधरा दिवस बाईंचा उजवा कान खाजत होता. दिवसभर कानाला हेडसेट, त्यात दमट हवा, आत बुरशी धरली असावी. बाईंचा उपाय घरचाच. लसणीची पाकळी टाकून कोमट केलेलं खोबरेल कानात सोडायचं आणि ड्यूटीवरून आलं की अंबाड्यातला आकडा काढून कान कोरायचा. डोळे मिटून, मान वाकडी करून, पाच-पाच मिनिटं.

"बाई, लागेल," मी म्हणायची.

"चोवीस वर्षांचा हात आहे गो. लागायचा असता तर कधीच लागला असता."

त्या दिवशी दुपारी मुंबईहून कॉल आला. संगमेश्वराकडच्या एका गावातला शेतकरी दीड महिना मुंबईच्या हॉस्पिटलात होता आणि धाकटा मुलगा त्याच्याजवळ होता. गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. तिथे थोरल्याला बोलावून उभं केलं होतं. लाईन इतकी खरखरत होती की भावाभावांना एकमेकांचा आवाजही जाईना. बाई म्हणाल्या, "मी सांगते." त्यांनी उजव्या कानावरचा हेडसेट हातानं घट्ट दाबला, दोन-तीनदा "हां, हां" म्हटलं, आणि मग गावच्या लाईनवर एकदम हळू आवाजात बोलल्या:

"ऐकताय ना? बाबा सुटले. उद्या सकाळच्या गाडीनं घेऊन येतायत."

पलीकडे थोरल्यानं दुकानातच हंबरडा फोडला. तो मला माझ्या खुर्चीवर ऐकू आला. तेवढ्यात लाईन तुटली. बाईंनी दोरी काढली, डोळ्यांना पदर लावला आणि पुढचा कॉल घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास त्याच दुकानातून फोन आला. मी घेतला. थोरलाच होता. त्याला धड बोलता येत नव्हतं, हसतोय की रडतोय कळत नव्हतं. "बाबा आले," तो म्हणाला. "गाडीतनं उतरून चालत आले. आपल्या पायांनी."

मला काही समजेना. मग त्यानं सांगितलं. हॉस्पिटलानं वडलांना बरं करून सोडलं होतं. धाकटा आनंदानं ओरडत होता, हसत होता, "बाबा सुटले! उद्या सकाळच्या गाडीनं घेऊन येतो!" आपल्याकडे माणूस दुखण्यातून उठला तरी सुटला म्हणतात, आणि गेला तरी सुटला म्हणतात. धाकट्यानं पहिला सुटला सांगितला. गावात दुसरा पोचला.

म्हातारा पिशवी घेऊन पायवाटेनं घराकडे आला तेव्हा अंगणात तिरडीचे बांबू तोडून ठेवले होते. सगळी भावकी जमली होती. त्यानं विचारलं, "कोन गेला?" माणसं पळाली. एका पुतण्याला ताप भरला. आणि म्हातारी, जिचं कुंकू पुसून आदल्या संध्याकाळीच आळीतल्या बायकांनी बांगड्या फोडल्या होत्या, ती नवऱ्याला बघून ओट्यावरून खाली कोसळली.

मी बाईंच्या उजवीकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्या बोर्डाकडे बघत ऐकत होत्या. मग एकच प्रश्न विचारला.

"बांगड्या फोडल्या?"

"हो."

"शब्द मी तोच सांगितला ना गो?"

"तोच, बाई. तुमची काही चूक नाही."

"तो हसत होता," बाई म्हणाल्या. "आणि मला ऐकू आलं नाही." त्यांनी हेडसेट उतरवला, टेबलावर ठेवला आणि ड्यूटी संपायला दोन तास असताना उठून निघून गेल्या. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी मी घरी आले तर बाई मागच्या दाराशी उजेडात बसून कान कोरत होत्या. नेहमीसारखे मिटलेले डोळे नव्हते. दात आवळलेले होते. चिखलात रुतलेलं काहीतरी उकरून काढावं तसा हात चालला होता. मी "बाई" म्हणणार एवढ्यात तो हात जागच्या जागी थांबला. त्यांनी आकडा बाहेर काढला. टोक लाल होतं.

"काय झालं?"

"काही नाही. खरवडलं." उठून त्यांनी आकडा मोरीत धुतला आणि परत अंबाड्यात खोचला.

सकाळी त्यांना कानाला बोट लावू देववत नव्हतं. मी ओढतच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मिलिटरीतून निवृत्त होऊन आलेले, उंचेपुरे, आवाज कवायतीच्या मैदानावरचा. पण हाताला यश होतं, अर्धं गाव त्यांच्याकडे जायचं. आमचा नंबर शेवटचा होता, बाहेर कोणी उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी गोल आरसा कपाळावर ओढला. "कानात काही घातलं होतंत?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"तेल? काडी? पिन?"

"नाही म्हटलं ना."

मी बाईंच्या अंबाड्याकडे बघितलं. दोन्ही आकडे तिथेच होते. मी काही बोलले नाही. का बोलले नाही, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. मोठ्या माणसाला खोटं पाडायची सवय नव्हती, एवढंच.

डॉक्टरांनी कानाची पाळी वर ओढली आणि धातूचं बारीक नरसाळं आत सरकवलं. बाईंची बोटं खुर्चीच्या हातांवर आवळली.

"दुखतंय."

"दुखणारच. आतून सुजलाय. हलायचं नाही."

"थांबा."

"झालं, झालं. मळ अडकलाय पुढे. तो निघाल्याशिवाय पडदा दिसत नाही." त्यांनी ट्रेमधली बारीक सळई उचलली.

"थांबा जरा. थांबा म्हणते ना!"

सळई आत गेली. बाईंनी किंकाळी फोडली. ज्या बाईंनी कधी बोर्डावर आवाज चढवला नाही, ज्यांच्या घरात मी दार लोटतानासुद्धा हात मधे घालायची, त्यांची ती किंकाळी ऐकून मी पुढे धावले. डॉक्टरांनी हात मागे घेतला. कापसाचा बोळा लावला तो लाल होऊन आला. बाई ताडकन उठल्या, गर्रकन फिरल्यासारख्या झाल्या आणि माझ्या अंगावर पडल्या.

आम्ही त्यांना परत बसवलं. मी त्यांच्यासमोर वाकून म्हटलं, "बाई, पाणी देऊ?"

त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. "काय?"

"पाणी, पाणी!"

"काय म्हणतेस?"

उजव्या कानात तर काही जात नाही, म्हणून मी दुसऱ्या बाजूला गेले आणि डाव्या कानाला तोंड लावून मोठ्यानं ओरडले. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. मग माझा श्वास गालाला लागला म्हणून त्यांनी मान वळवली.

"तिकडून नको गो," बाई म्हणाल्या. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं, पण त्या ओरडत होत्या. "तो कान लहानपणीच गेला. गालगुंड झालं होतं तेव्हा. हा एकच होता."

भिंतीकडची खुर्ची, उजवीकडून या, डावीकडचं लाभत नाही, सगळं एका क्षणात माझ्यासमोर उभं राहिलं. मला बसायला काहीतरी हवं होतं. डॉक्टरांनाही हवं होतं. कपाळावर तो आरसा तसाच ठेवून ते पेशंटच्या स्टुलावर बसले.

"आधी का नाही सांगितलंत मला?" ते म्हणाले.

बाईंना ऐकू गेलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा गेलं नाही.

आजारपणाची रजा घेता येत नव्हती. ती घेतली तर कान तपासणार, आणि कान तपासला तर दोन्ही तपासणार. म्हणून बाईंनी साधी रजा टाकली. वेळणेश्वरला नवस फेडायला जायचंय, असं कारण मी त्यांच्या वतीनं लिहिलं. ऑफिसात मैत्रिणींनी खोदून विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं, "डॉक्टरांनी बाईंचा कान फोडला." डाव्या कानाचं बोलले नाही, ते बाईंचं गुपित होतं. आकड्याचंही बोलले नाही, आणि त्याला मात्र कसलंच कारण नव्हतं.

फोन असलेल्या प्रत्येक घराला बाईंचा आवाज माहीत होता. आठवड्याभरात डॉक्टरांच्या दवाखान्यापुढच्या बाकावर माणसं दिसेनाशी झाली. बाजारात कोणीतरी त्यांना तोंडावर म्हणालं, "कान दाखवायला आलो तर परत मिळेल ना?" मी तिथेच भाजी घेत होते. डॉक्टर पुढे निघून गेले. मला तोंड वर करून बघवलं नाही.

कोल्हापूरचे एक कानाचे डॉक्टर महिन्यातून दोन रविवारी रत्नागिरीत यायचे. त्यांच्याकडे मी बाईंना नेलं. डॉक्टर जे विचारत ते मी पाटीवर लिहून बाईंना दाखवायची. या डॉक्टरांनी आधी ते नरसाळं बाईंच्या हातात दिलं. मग स्वतःचा हात वर करून खूण दाखवली, दुखलं की असा करा, मी थांबतो. बाईंनी दोनदा हात वर केला. ते दोनदा थांबले. तिसऱ्यांदा त्यांना जे बघायचं होतं ते दिसलं.

"पडद्याला भोक आहे. बारीक आहे. आतल्या सालीला जखमा आहेत. कानाच्या नसेलाही धक्का बसलाय, म्हणून काहीच ऐकू येत नाही. कान कोरडा ठेवायचा, तेल नाही, पाणी नाही. बहुतेक भोकं आपली आपण बुजतात."

बाईंनी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "त्या डॉक्टरांनी पाडलं?"

त्यांनी पाटी वाचून माझ्यापुढे सरकवली. मग माझ्याकडे बघून बोलले, मी लिहीत गेले. "भोक कोणी पाडलं ते भोक सांगत नाही. सुजलेल्या कानाला नुसता धक्का लागला तरी जीव कळवळतो. तपासताना दुखलं म्हणजे इजा झालीच असं नसतं, बहुतेक वेळा होतही नाही. पण माणूस थांबा म्हणत असताना हत्यार पुढे न्यायचं नसतं, तिथे इजा होऊ शकते. हे एक झालं. दुसरं, यांनी स्वतः आधी कानात काही घातलं होतं का?"

हा प्रश्न लिहिताना माझा हात थांबला. बाई माझ्या हाताकडेच बघत होत्या. मी लिहिला. त्यांनी वाचला. मग अंबाड्यातला एक आकडा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "आदल्या दिवशी संध्याकाळी," त्या म्हणाल्या. "टप्प असा आवाज झाला होता आत. मला कळलं होतं."

आकड्याचं टोक लाल झालेलं मी पाहिलं होतं, पण आतला तो आवाज फक्त त्यांनीच ऐकला होता. तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर त्या "नाही" म्हणाल्या होत्या.

परतताना मला वाटलं, आता बाई आधीच्या डॉक्टरांकडे जातील. पण त्यांनी आधी बांगडीवाल्याच्या दुकानात शिरून हिरव्या बांगड्यांचा डझन घेतला. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. आम्ही एसटीनं संगमेश्वराकडच्या त्या गावी गेलो.

म्हातारा अंगणात वरी वाळत घालत होता, ठणठणीत. आम्ही कोण ते कळल्यावर त्यानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि आत गेला. म्हातारी बाहेर आली. मनगटं मोकळीच होती. परत बांगड्या भरायच्या की नाही यावर गावात एकमत होत नव्हतं. कोणी म्हणे भटजींना विचारा, कोणी म्हणे आधी शांतीची पूजा करा. बाईंनी डझन तिच्यापुढे ठेवला आणि हात जोडले. "माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या, गरजेपेक्षा फारच मोठ्यानं. शेजारच्या घरांतून माणसं डोकावली.

म्हातारीनं बांगड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुमी सांगितलाव, आमी आयकला. परत कोनी इचारलाच नाय. तुमी नाय, नि आमी पन नाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाटीवर लिहिलं. ती पाटी त्यांनी कितीतरी वेळ हातात धरून ठेवली. म्हातारीनं एक बांगडी उचलली आणि स्वतःच्या हातानं स्वतःच्या मनगटात चढवली. आतून म्हातारा बघत होता. भटजींना कोणी विचारलं नाही.

डॉक्टरांकडे आम्ही दोन दिवसांनी गेलो. बाकावर दोन-तीनच माणसं होती. बाईंनी आत जायची वाट पाहिली नाही. दारातच उभ्या राहून त्यांनी आकडा वर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "डॉक्टर, कान मी फोडला. आदल्या दिवशी, ह्यानं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

डॉक्टर पडदा सारून बाहेर आले. त्यांनी बाईंना स्टुलावर बसवलं, पॅड घेतलं आणि लिहिलं. मी शेजारीच होते, मला दिसत होतं. "तुम्ही फोडला असेल. पण तुम्ही थांबा म्हणालात आणि मी थांबलो नाही. ते तुम्ही केलं नाहीत."

बाईंनी वाचलं. मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. डॉक्टर पुढे काही लिहायला गेले, पण पेन नुसतंच कागदावर टेकवून ठेवलं. बाकावरचा एक म्हातारा उठून बाहेर जायला निघाला होता, तो परत बसला.

मी तिथेच, सगळ्यांसमोर म्हटलं, "मलाही माहीत होतं. मी पण बोलले नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रजा वाढवत वाढवत दोन महिने गेले. दसरा होऊन गेला होता. एका सकाळी मी मोरीत भांडी घासत होते आणि आतून आवाज आला, "अगो, हळू आपट ती कढई!" मी तशीच राखेच्या हातांनी धावत गेले. बाई खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. "परत आपट," त्या म्हणाल्या. मी आपटली. "परत." कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, पडदा भरून आलाय. अगदी पहिल्यासारखं नाही, पण माणसाला पुरे इतकं ऐकू येईल.

सोमवारी बाई कामावर रुजू होणार होत्या. मी त्यांची खुर्ची पुसून ठेवली होती. पण त्या बोर्डाकडे आल्याच नाहीत, सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या आणि मला खुणेनं बरोबर घेतलं.

"साहेब, माझा डावा कान लहानपणापासून बहिरा आहे. नोकरीला लागताना तपासणीत डॉक्टरांनी घड्याळ आधी उजव्या कानाशी धरलं, मी हो म्हटलं. मग डाव्याशी धरलं. मी तेवढाच वेळ थांबून परत हो म्हटलं. चोवीस वर्षं मी एका कानावर काम केलंय."

साहेबांचा चहाचा कप ओठांजवळ थांबला. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी कप खाली ठेवला, उठून दार लावलं, परत बसले आणि म्हणाले, "काय म्हणालात बाई? मला नीट ऐकू आलं नाही."

बाईंनी परत सांगितलं.

"नाही आलं ऐकू," साहेब खिडकीकडे बघत म्हणाले. "तुम्ही जा, बोर्डावर बसा. माणसं खोळंबलीत."

मला वाटलं, सुटलो. पण बाईंनी साहेबांच्या टेबलावरचा कागद ओढला, त्यांचंच पेन घेतलं आणि ते सगळं लिहून काढलं, खाली सही केली आणि कागद त्यांच्यासमोर सरकवला. साहेब तो कागद बघत बसले. मग हताश होऊन म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी ऑपरेटर मला जिल्ह्यात मिळायची नाही."

"कधी परत विचारायची छाती झाली नाही मला, साहेब. चोवीस वर्षांत एकदाही नाही. विचारलं तर बहिरी म्हणतील म्हणून. त्या दिवशी एकदा विचारलं असतं तर त्या म्हातारीच्या हातात बांगड्या राहिल्या असत्या."

मी दारापाशी उभी होते. मीही तीन वर्षं त्यांना ओळखत होते. बाई कधी कोणाला परत विचारत नाहीत, याचं मला फक्त कौतुक वाटत आलं होतं.

चौकशी झाली. सर्व्हिस बुकात शेरा बसला. नोकरी राहिली, बोर्ड गेला. बाईंना बाहेरच्या खिडकीवर बसवलं, जिथे लोक येऊन ट्रंक कॉल नोंदवत. त्यांच्या जागी मी बसले.

पहिल्या दिवशी दुपारी खिडकीवर रांग होती. आमच्या मधे अर्धी भिंत होती, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. राजिवड्याचा एक म्हातारा दालदी मच्छीमार तोंडात विडा धरून मुलाचं आखातातलं नाव-गाव पुटपुटत होता. बाई काही लिहीनात. मागच्या माणसांची चुळबुळ सुरू झाली. मी माझ्या दोऱ्या सोडून तिकडे बघू लागले. आता काय होतंय, या भीतीनं.

बाई खिडकीतून पुढे वाकल्या, अगदी म्हाताऱ्याच्या तोंडाजवळ, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चाचा, मला ऐकू आलं नाही. परत सांगा."

म्हाताऱ्यानं विडा थुंकला आणि परत सांगितलं.